कोरगुटाची मुडी

चार वर्षांमागे, मे महिन्याच्या शेवटी, कॉलेजची सहा-सात मुलं आमच्या घरी आली. बरोबर त्यांच्या शिकवणाऱ्या बाई होत्या. रायबंदरच्या फेरीबोटीतून उतरून भर उन्हात चालत आलेली, सगळ्यांचे चेहरे लाल झालेले. चोडण बेटावर दुर्मीळ झाडं कुठली आणि ती कुठे-कुठे उरलीत याची त्यांना नोंद करायची होती. धक्क्यावर कोणीतरी त्यांना सांगितलं, होडी घेऊन खारफुटीत फिरणारा एक म्हातारा शेतकरी आहे, त्याला विचारा. तो म्हातारा म्हणजे मी. बायकोनं भिरंडाचं सरबत आणून दिलं. एका मुलीनं वही उघडली आणि सरळ विचारलं, "काका, तुमच्या जमिनीत दुर्मीळ झाडं आहेत का?"

मी लगेच काही बोललो नाही. आमच्या जमिनीत झाडं आहेत, भरपूर आहेत. पण ती तिथे का आहेत हे सांगायचं तर चाळीस वर्षं मागे जावं लागतं, आणि ते सांगताना मला अजून जड जातं.

चोडण हे मांडवीच्या पात्रातलं बेट. जुनी माणसं त्याला चूडामणी म्हणायची. बेटाचा मधला भाग उंच. तिथे घरं, माड, काजू, आंबे. कडेचा भाग सखल, आणि तिथे आमची खाजनं. खाजन म्हणजे खाडीला बांध घालून मिळवलेलं शेत. भरतीचं पाणी जिथवर चढतं, त्याच्याही खाली हे शेत असतं. घाटावरचा एक पाहुणा मला म्हणाला होता, "अहो, खाडीच्या पोटात शेती करता तुम्ही!" तसंच आहे ते. पाण्याला बाहेर थोपवायचं आणि त्याच्या पायाशी भात पिकवायचं.

हे जमतं दोन गोष्टींवर. एक बांध, दुसरी मानस. बांध चिखलाचा. खाडीतला चिकट गाळ काढून त्याचे गोळे एकावर एक रचायचे, मध्ये पेंढा, काट्याकुट्या, बांबूचे तट्टे, आणि जिथे पाण्याचा मार जास्त तिथे चिरे. मानस म्हणजे बांधात बसवलेली लाकडी दारं. भरती चढू लागली की पाण्याच्या दाबानंच दारं मिटतात, ओहोटी लागली की आतलं पाणी त्यांना ढकलून बाहेर पडतं. यंत्र नाही, वीज नाही. पूर्वजांनी हे कधी शोधून काढलं कुणास ठाऊक, पण पोर्तुगीज आले तेव्हा गावकारीचे लोक खाजनं पिकवतच होते.

आमचे बाबा कूळ होते. शिक्षण नाही, पण खाडी त्यांना अक्षरासारखी वाचता यायची. अमावास्या-पौर्णिमेला उधाणाची भरती असते, त्या दिवसांत ते रात्री झोपत नसत. कंदील घेऊन बांधावर फेरी मारायची. मी सात-आठ वर्षांचा झाल्यापासून मला बरोबर न्यायचे. माझं काम कुर्ल्यांची बिळं शोधायचं. कुर्ली बांधाला भोक पाडते, भोकातून पाणी झिरपतं, आणि झिरपणाऱ्या पाण्याला दुर्लक्ष केलं की सकाळपर्यंत बांध फुटतो. बीळ दिसलं की चिखलाचा गोळा आत कोंबायचा आणि टाचेनं दाबायचा. दहावीच्या परीक्षेच्या आदल्या रात्रीसुद्धा मी बांधावर होतो. पुढे शिकलो नाही त्याला बांध कारण नव्हता, पैसा कारण होता. पण हिशेब केला तर शाळेत जेवढे तास बसलो, त्याहून जास्त बांधावर गेले असतील.

बाबांचा एक नियम होता. बांधाबाहेरचं झाड राखायचं, बांधाच्या आत आलेलं रोप उपटायचं.

बांधाबाहेर खाडीच्या अंगाला कांदळ, चिपी, तिवर अशी खारफुटीची झाडं रांगेनं असत. लाट आली तर आधी त्यांच्या मुळांत अडकते, बांधापर्यंत येईतो तिचा जोर जातो. त्या झाडाची फांदी कोणी तोडलेली दिसली तर बाबा नाव न घेता सबंध वाडीला ऐकू जाईल अशा शिव्या द्यायचे. पण त्याच झाडाचं बी मानशीतून वाहून आत आलं आणि शेतात रुजलं, तर ते दोन पानांवर असतानाच उपटून बाहेर फेकायचं. "हें भायर देव, भितर चोर," असं म्हणायचे. बाहेर असेल तर देव, आत आलं तर चोर.

आमच्या शेतात पिकायचं ते कोरगुट. खाऱ्या जमिनीतलं गोव्याचं जुनं भात. आसगो, मुणो, शिडी अशी दुसरीही होती, पण आमच्याकडे कोरगुट. पावसाळ्याआधी जमीन नांगरून ढेकळं उघडी ठेवायची. पहिले पाऊस पडले की जमिनीवरचं मीठ धुतलं जातं, ते पाणी ओहोटीला मानशीतून बाहेर काढायचं. एकदा नव्हे, पुन्हापुन्हा. मग बी भिजवून, मोड आणून रहू फेकायचा. पुढे पावसानं दडी मारली तर जमिनीतलं मीठ पुन्हा वर येतं. दुसरं भात अशा वेळी करपून जातं. कोरगुट पिवळं पडतं, मान टाकतं आणि पाऊस आला की परत उभं राहतं. पाण्यात बुडून राहिलं तरी चार दिवस कळ काढतं. तांदूळ लाल, जाडा. पेजेला त्याच्यासारखा दुसरा नाही. पीक मात्र बेताचं. भात कापलं की मानशी उघडून खारं पाणी आत घ्यायचे, मग शेतात शेवटे, काळुंदर, सुंगटं. एकाच जमिनीत सहा महिने भात, सहा महिने मासळी.

आता बांध फुटला त्याबद्दल.

१९८५ सालचा श्रावण. अमावास्येचं उधाण, वरून मुसळधार पाऊस, आणि मांडवीला डोंगरातला लोंढा. रात्री दोनच्या सुमारास थोरले काका ओरडत आले, "बांद फुटलो रे, बांद फुटलो!" आम्ही धावलो. तिथे पोचलो तेव्हा भगदाड दोन माणसं आडवी झोपतील एवढं होतं. उजाडेपर्यंत त्यातून मोठी होडी जाईल एवढं झालं. पंधरा-वीस माणसं कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून पोती, फांद्या, गवताचे भारे टाकत होतो आणि पाणी ते सगळं उचलून नेत होतं. पोटरीएवढं वाढलेलं कोरगुट आमच्या डोळ्यांसमोर खाऱ्या पाण्याखाली गेलं. बाबा बांधावर बसून राहिले. बोलले काही नाहीत.

बांध एका रात्रीत फुटत नाही, त्या रात्री तो फक्त दिसतो. त्याआधी दहा-पंधरा वर्षं तो फुटतच होता. पूर्वी बांधाची जबाबदारी गावकारीची, म्हणजे कोमुनिदादीची. तिच्याकडून खर्च व्हायचा, माणसं नेमलेली असायची. मुक्तीनंतर १९६४ साली कूळ कायदा आला. आमच्यासारख्यांना जमिनीवर हक्क मिळाला, त्याचं मोल मी कमी करत नाही. पण शेत कुळाचं झालं आणि बांध मधल्यामध्ये लोंबकळला. कुळांचा संघ झाला, सभा झाल्या, वर्गणीवरून भांडणं झाली. तरुण पोरं पणजीला नोकरीला लागली. खनिजाच्या बार्जी मांडवीतून दिवसरात्र जात, त्यांच्या लाटा बांधाचा पाया खात. आणि मानशीवर मासळी धरण्याचा लिलाव व्हायचा. ज्यानं लिलाव घेतला त्याला जास्त मासळी हवी, म्हणून तो दारं जरा जास्तच वेळ उघडी ठेवायचा. मासळी आत येते तसं मीठही आत येतं. हे सगळ्यांना दिसत होतं. सांगायला कोणी गेलं नाही, मीसुद्धा नाही. त्या वर्षी बिळं बुजवायला बांधावर आम्ही किती जण होतो? चार.

पाणी ओसरल्यावर भगदाड बुजवण्यासाठी आम्ही एका कचेरीत अर्ज दिला. दुसऱ्या वर्षी पुन्हा दिला. दरम्यान शेतात भरती-ओहोटी खेळू लागली. पहिल्या वर्षी नुसता चिखल. दुसऱ्या वर्षी मारांडी आली, तिची काटेरी पानं. मग तिवर, तिच्या मागून कांदळ. पाच-सहा वर्षांत माझ्या डोक्यावर गेली. जिथे बाबा दोन पानांचं रोप उपटायचे तिथे रान उभं राहिलं. आणि एक दिवस अर्जाला तोंडी उत्तर मिळालं. जमिनीत खारफुटी आहे, त्यामुळे आता तिथे काम करता येणार नाही. म्हणजे बांध फुटला म्हणून खारफुटी आली, आणि खारफुटी आली म्हणून बांध बांधायचा नाही. बाबांना हे समजावून सांगणं मला जमलं नाही.

याच काळात, १९८८ साली, बेटाच्या पश्चिम टोकाला पक्षी अभयारण्य झालं. आदल्याच वर्षी वारलेल्या डॉ. सलीम अलींचं नाव त्याला दिलं. क्षेत्र १.७८ चौरस किलोमीटर, जवळजवळ सगळं खारफुटीचं. आमचं शेत हद्दीबाहेर होतं, पण माझा राग हद्द बघून येणारा नव्हता. पक्ष्यांना जागा आहे, झाडांना कायदा आहे, आणि आमच्या भाताला कोणी नाही, असं मी चारचौघांत बोलायचो. १९९१ साली किनाऱ्याचे नियम आले, सीआरझेड म्हणतात ते, आणि खारफुटीला हात लावणं आणखी कठीण झालं. त्याच हिवाळ्यात एका पहाटे मी कोयता घेऊन आमच्या शेतात उतरलो. सात-आठ झाडं पाडली. वन खात्याचा राखणदार होडीतून जात होता, तो थांबला. ओळखीचाच होता. त्यानं मला धरून नेता आलं असतं. पण तो म्हणाला, "ही तोडून भात येणार आहे का? आधी पाणी अडव, मग झाडं तोड." मी कोयता खाली टाकला. कायद्याच्या भीतीनं नव्हे. बोलणं खरं होतं म्हणून. भगदाड उघडं असताना झाडं तोडून मी फक्त चिखल मोकळा करत होतो.

बाबा १९९४ ला गेले. शेवटपर्यंत ते त्या बाजूला फिरकले नाहीत.

पोट भरायला काहीतरी करायला हवं होतं. आतल्या बांधामागे आमचा एक तुकडा शिल्लक होता, तेवढ्यावर घर चालेना. अभयारण्य बघायला माणसं येऊ लागली होती. माझ्याकडे होडी होती. हिवाळ्यात पक्षी येतात तेव्हा भरतीच्या वेळी मी पाहुण्यांना आत नेऊ लागलो. ज्या झाडांवर मी कोयता चालवला त्यांच्याचमधून आता वल्हं मारत पैसे मिळवत होतो. सुरुवातीला मनाला लागायचं, मग सवय झाली.

नावं मी पाहुण्यांकडून शिकलो. एकाच गोष्टीची दोन-दोन नावं, आमचं एक आणि त्यांचं एक. काळ्या टोपीचा खंड्या, हिवाळ्यात उत्तरेकडून येणारे तुतारी आणि टिलवे, चिखलावर उड्या मारणारा निवटा, एकच नांगी मोठी असलेला खेकडा. दोनापावलच्या समुद्रविज्ञान संस्थेतल्या डॉ. अरविंद उंटवाले यांनी खारफुटीच्या अभ्यासात आयुष्य घातलं, हे मी नंतर वर्तमानपत्रात वाचलं. एवढा शिकलेला माणूस या चिखलाला आयुष्य देतो, हे वाचून मी जरा विचारात पडलो होतो.

मग एकदा एका अभ्यासकानं होडी थांबवायला सांगितली. बांधाबाहेर एक झाड होतं. मी म्हटलं, "कांदळ आहे." तो म्हणाला, "नीट बघा." कांदळाच्या पानाला टोकाशी काट्यासारखी सुई असते, याच्या पानाला नव्हती. पान लांबट, अरुंद. कांदळाची मुळं कमानीसारखी उंच पाय पसरून उभी असतात, याचं खोड खाली नुसतं जाड झालेलं. फुलं पांढरी, आणि शेंगेसारखं हिरवं लांब रोप झाडावरच लोंबत होतं. खारफुटीतल्या काही झाडांचं बी झाडावरच रुजतं, तयार रोप खाली चिखलात पडतं आणि उभं राहतं. त्यानं नाव सांगितलं, कँडेलिया. पश्चिम किनाऱ्यावर ते मोजक्याच खाड्यांत सापडतं, गोव्यातल्या नद्यांच्या काठी अजून आहे, म्हणाला.

ते झाड मी लहानपणापासून बघत होतो. बाबांनी त्याचं वेगळं नाव कधी घेतलं नाही. पण त्याची फांदी कोणाला तोडूही दिली नाही. ते बांधाबाहेर होतं, तेवढं त्यांना पुरे होतं.

पाणमांजरांचंही तसंच. आमच्याकडे मासे पकडणारे त्यांच्यावर चिडून असतात, जाळं फाडतात म्हणून. मीही चिडायचो. एके सकाळी जुन्या बांधाचा जो भाग अजून उभा आहे त्यावर त्यांची विष्ठा दिसली, तिच्यात माशांचे खवले आणि कुर्लीच्या कवचाचे तुकडे. दुसऱ्या दिवशी लवकर जाऊन गप्प बसलो. दोन मोठी आणि तीन पिल्लं खारफुटीतून आली, बांधावर चढली, गवतात अंग घासलं आणि पलीकडे आमच्या पोयीत, म्हणजे खाजनातल्या पाण्याच्या वाटेत, उतरली. लपायला त्यांना रान लागतं, कोरडं व्हायला बांध लागतो आणि मासळीला खाजन. तिन्ही लागतं. रान आणि शेत यांच्यात मी वर्षानुवर्षं भांडण लावून बसलो होतो, ते त्यांना ठाऊकच नव्हतं.

आता कोरगुटाची गोष्ट. ती माझ्या लाजेची आहे.

बाबा गेल्यावर राहिलेल्या तुकड्यात मी सुधारित बियाणं घालू लागलो. जया, ज्योती. पीक दीडपट-दुप्पट, बियाणं अनुदानात. आईला ते पटत नव्हतं. ती दरवर्षी कडेचे दोन वाफे स्वतः कोरगुटाचे करायची आणि त्याचं बी मुडीत बांधून ठेवायची. मुडी म्हणजे पेंढ्याचं गाठोडं, दोरीनं आवळून गोल केलेलं, चुलीच्या वर माळ्याला टांगलेलं. धुरानं कीड लागत नाही. मी थट्टा करायचो, "आई, ते लाल भात कोण खाणार?" ती म्हणायची, "खायला नाही रे, असायला पायजे."

२००३ ला आई गेली. त्या पावसाळ्यात दुखवट्यात ते दोन वाफे पडीक राहिले. पुढच्या वर्षीही मी तिथे ज्योतीच टाकली. तिसऱ्या वर्षी जुलैमध्ये पावसानं ओढ दिली. जमिनीवर पांढरा थर दिसू लागला आणि ज्योती उभीच्या उभी करपली. तेव्हा मला मुडी आठवली. माळ्यावरून काढली, सोडली, बी भिजत घातलं. मूठभर बियांत पाच-सहांना मोड आले. आमच्या दमट हवेत भाताचं बी एवढा काळ टिकत नाही, हे मला कळायला हवं होतं. बायको म्हणाली, "अशी काय गेली ती वाफसुद्धा न येता." मी अंगणात बसून राहिलो, बाबा बांधावर बसले होते तसा.

वाडीत विचारलं, कोणाकडे नव्हतं. शेवटी दिवाडीच्या मावशीची आठवण झाली. चोडणहून रायबंदर, रायबंदरहून दिवाडी, दोन फेरीबोटी बदलून गेलो. मावशी ऐंशीची. माझं ऐकून घेतलं, आत गेली आणि येताना पोटाशी धरून मुडी घेऊन आली. त्यातलं दोन पायली बी काढून दिलं. मी पैसे पुढे केले तर हात मागे घेतला. म्हणाली, "बीं विकूंक नजो, पुता. पिकल्यार परत हाडून दी." बी विकायचं नसतं, पिकलं की परत आणून द्यायचं. पुढच्या दिवाळीला मी तिला तीन पायली नेऊन दिलं. त्यानंतर एक वर्षही कोरगुट चुकवलेलं नाही.

हे सगळं त्या मुलांना मी सांगितलं असं नाही. त्यांना होडीतून नेलं, कँडेलिया दाखवलं, आमच्या बुडालेल्या शेतातलं रान दाखवलं. त्यांनी फोटो काढले, बुंध्यांचे घेर मोजले, वहीत लिहिलं. परत आल्यावर मी माळ्यावरून मुडी काढली आणि त्यांच्यासमोर ठेवली. म्हटलं, "हेही लिहा."

मुलगी म्हणाली, "काका, पण हे तर भात आहे."

मी म्हटलं, "होय बाळ. पण तुम्ही मघा पाहिलंत ना, खारफुटीचं रोप झाडावरून पडतं आणि आपलं आपण उभं राहतं. माणूस त्याला नडला नाही म्हणजे झालं. याचं तसं नाही. याला दरवर्षी कोणीतरी पेरावं लागतं. बांध राखावा लागतो, मानस राखावी लागते. मी दोन वर्षं चुकलो तर आमच्या घरातून हे गेलं होतं. मग दुर्मीळ कुठलं?"

बाई थोडा वेळ बोलल्या नाहीत. मग त्यांनीच मुलीच्या हातातून वही घेतली आणि लिहिलं. जाताना त्यांनी सांगितलं, की जुने गोवेच्या कृषी संशोधन संस्थेनं कोरगुटातूनच निवडून 'गोवा धान-१' आणि 'गोवा धान-२' ही वाणं काढली आहेत, खाऱ्या जमिनीसाठीच. ऐकून बरं वाटलं. आईचं म्हणणं शिकलेल्या माणसांनाही पटलं होतं. मुलांना मी मूठ-मूठ बी दिलं. पैसे घेतले नाहीत.

बुडालेलं शेत मी आता परत मागत नाही. तिथे रान झालं आहे, पाणमांजरं राहतात, आणि खरं सांगायचं तर त्या रानामुळेच आतल्या बांधावर लाट येत नाही. बाबांच्या नियमात सांगायचं तर बांधच मागे सरकला आणि ती झाडं बाहेरची झाली. पण आतला बांध हा शेवटचा आहे. तो गेला तर त्याच्यामागे दुसरा नाही. तो गेला तर कोरगुट गेलं, पोयीतली मासळी गेली, आणि वाडीतल्या विहिरींना खारं पाणी लागलं. तेव्हा नुसती झाडं राखून बेट राखलं जाईल असं मला वाटत नाही.

२०११ च्या किनारा नियमांत गोव्याच्या खाजनांचं नाव आलं आहे, ती राखावीत, त्यांचा आराखडा व्हावा, असं लिहिलं आहे. कागदावर आलं हेही कमी नाही. पण कागद बिळं बुजवत नाही. आमच्या बांधावर आता नऊ घरं राहिली आहेत. गेल्या चैत्रात मानशीचं एक दार कुजलं होतं, ते आम्ही वर्गणीतून बदललं. लिलाव घेणाऱ्याबरोबर बसून ठरवलं, की पेरणीपासून कापणीपर्यंत दारांना त्यानं हात लावायचा नाही. एवढं ठरवायला चाळीस वर्षं लागली. आधीच कोणी उठून बोललं असतं तर? हे मी स्वतःलाच विचारतो.

मुलगा पणजीत नोकरी करतो. शेती करीन असं तो म्हणत नाही, नाही असंही म्हणत नाही. नात मात्र सुट्टीत माझ्याबरोबर बांधावर येते. यंदा जूनमध्ये रहू फेकल्यानंतर वाफ्यात तिला तिवरीचं एक रोप दिसलं, दोन पानांचं. मी उपटलं. ती म्हणाली, "आजोबा, शाळेत सांगितलंय, खारफुटी तोडायची नाही." मी तिला म्हटलं, "तोडली नाही, चल." आम्ही दोघं बांध ओलांडून बाहेरच्या अंगाला गेलो. तिथे एका जागी किनारा उघडा पडला आहे. तिनं हातानं चिखल उकरला, रोप लावलं, टाचेनं दाबलं.

जगेल का, विचारलं तिनं. मी म्हटलं, पाच-सहा उधाणं झेललीन तर जगेल. ती लगेच बोटांवर अमावास्या-पौर्णिमा मोजायला लागली.